अठरा मुलांचा बाप आणि चार वर्षांचं राज्य: पूर्व टेनेसीतली भटकंती

जॉन सेव्हीर हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलं असण्याचं कारण नाही. अमेरिकेतही टेनेसीच्या बाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. माझा जावई इतकी वर्षं शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहतोय, त्यालाही नव्हतं. मला सेव्हीर लेकीच्या गावातल्या वाचनालयात भेटला, तोही भलतंच पुस्तक शोधताना. हा माणूस चार वर्षं अशा एका राज्याचा गव्हर्नर होता, जे देशाने कधी मान्यच केलं नाही. पुढे तेच डोंगर खरंखुरं टेनेसी राज्य झाले, तेव्हा पहिला गव्हर्नरही हाच. आणि दोन बायकांपासून मुलं अठरा.

माझं आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेलं. लढाया नि तह तोंडपाठ होतात, पण अठरा मुलांच्या घरात चूल कोण सांभाळत होतं, दळण कोण दळत होतं, हे पुस्तकात नसतं. ते बघायला मिळेल का, म्हणून मी जोडून आलेल्या सुट्टीत सगळ्यांना गाडीत कोंबलं. ह्यांना डोंगर हवे होते, लेकीला ऑफिसपासून सुटका हवी होती आणि जावयाला कुठेही गाडी चालवायला चालते. एप्रिलचा मध्य, म्हणजे त्या भागात डॉगवुडची पांढरी फुलं आणि रेडबडची जांभळट गुलाबी झाडं रस्त्याच्या दोन्ही कडांना.

शुक्रवार: किंग्ज माउंटन

शार्लटहून हे पाऊण-एक तासावर आहे. नाव माउंटन असलं तरी आपल्या सह्याद्रीच्या माणसाने ते मनावर घेऊ नये. झाडीने भरलेली लांबोडकी टेकडी आहे, एवढंच. प्रवेश मोफत. टेकडीभोवती दीड मैलाची डांबरी पायवाट आहे, मधे चढ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर काठी घ्या. बसायला बाकं आहेत.

इथे 7 ऑक्टोबर 1780 ला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली एक लढाई साधारण तासभर झाली. मेजर पॅट्रिक फर्ग्युसन हा स्कॉटिश अधिकारी ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या स्थानिक सैन्यासह माथ्यावर होता. खालून चढून आले ते डोंगरापलीकडचे वसाहतवाले, बंदूकधारी शेतकरी. त्यांच्या म्होरक्यांपैकी एक सेव्हीर. दोन्ही बाजूंना जवळजवळ सगळे अमेरिकेतलेच लोक, एवढी गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती आणि मीही कुणाला सांगितली नव्हती. फर्ग्युसनने आधी निरोप धाडला होता की विरोध थांबवा, नाहीतर डोंगर ओलांडून येईन, पुढाऱ्यांना फाशी देईन आणि मुलूख जाळीन. निरोपाचा परिणाम उलटा झाला. ते लोक स्वतःच डोंगर ओलांडून त्याला शोधत आले.

फर्ग्युसन इथेच मेला. त्याच्या थडग्यावर दगडांचा ढीग आहे. स्कॉटिश रिवाजाप्रमाणे येणारा-जाणारा त्यात एक दगड टाकतो. ज्याला मारलं त्याच्याच थडग्यावर मारणाऱ्यांचे वंशज दगड वाहतात, हे बघून ह्यांनीही एक उचलून ठेवला. शत्रूच्या थडग्याचा मान राखणं आम्हा साताऱ्याच्या लोकांना नवीन नाही; प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहेच.

मी मात्र फलकांवर सेव्हीरांची नावं शोधत होते. एका घरातून किती जण आले होते बघा: जॉन, त्याचे भाऊ, आणि जोसेफ व जेम्स हे दोन मुलगे. जेम्सने जेमतेम सोळावं गाठलेलं. भाऊ रॉबर्ट इथे जखमी झाला आणि घरी परतताना वाटेतच गेला. असं सांगतात की लढाईच्या शेवटी सेव्हीर पडल्याची आवई उठली. जोसेफला वाटलं आपला बाप गेला. समोरच्यांनी शरणागतीची पांढरी निशाणं वर केली तरी तो रडत रडत गोळ्या झाडत राहिला. बाप घोड्यावरून समोर आला तेव्हा कुठे थांबला. तिथल्या रेंजरने ही गोष्ट सांगितली आणि वर म्हणाला, "शरण आलेल्यांवर गोळ्या झाडणारा तो एकटा नव्हता, बाकीच्यांना मात्र हे कारण नव्हतं." मला तो माणूस आवडला.

तिथून जॉन्सन सिटीपर्यंत दुपार गेली. ॲशव्हिलनंतर रस्ता सॅम्स गॅपच्या खिंडीतून टेनेसीत उतरतो. खाली आम्ही अर्ध्या बाह्यांत होतो, खिंडीत गाडीच्या बाहेर उभं राहवेना. संध्याकाळी जेवताना वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, डॉगवुड फुललं की एकदा थंडी परत येतेच, इथली म्हातारी माणसं त्याच्या आधी टोमॅटोची रोपं लावत नाहीत. तेव्हा एप्रिलमध्ये गेलात तर स्वेटर सोडू नका.

शनिवार: सिकॅमोर शोल्स, टिप्टनचं घर, जोन्सबरो

एलिझाबेथटन गावात वटॉगा नदीच्या काठी सिकॅमोर शोल्स हे राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. नदी इथे उथळ, खडकाळ, पाण्याचा आवाज सतत. याच पात्राजवळ मार्च 1775 मध्ये रिचर्ड हेंडरसन नावाच्या जमिनीच्या व्यापाऱ्याने चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या प्रमुखांकडून सुमारे दोन कोटी एकर जमीन 'विकत' घेतली. आजच्या केंटकीचा मोठा भाग आणि टेनेसीचा काही. बदल्यात गाड्या भरून माल. म्हाताऱ्या प्रमुखांनी होकार दिला, तरुण ड्रॅगिंग कनू सभेतून उठून गेला आणि पुढे आयुष्यभर लढला. इंग्लंडच्या राजाने डोंगरापलीकडे वस्तीच करायची नाही असा हुकूम 1763 मध्ये काढलेला होता. म्हणजे ही वस्तीही बेकायदा आणि हा सौदाही बेकायदा. सगळ्यांना सोयीचा मात्र होता.

लाकडी ओंडक्यांचा किल्ला पुन्हा बांधलेला आहे. आत जुन्या पद्धतीचा झगा घातलेली एक मुलगी लोकर कातत होती. तिने बॉनी केटची गोष्ट सांगितली, जी इथे प्रत्येकाला सांगतात. जुलै 1776 मध्ये चेरोकींनी किल्ल्यावर हल्ला केला तेव्हा कॅथरीन शेरिल ही उंच, चपळ मुलगी बाहेर गाईंच्या धारा काढत होती. दरवाजा बंद झाला. ती धावत सुटली, तटाच्या ओंडक्यांना लटकली आणि वरून एका तरुण अधिकाऱ्याने तिला हात देऊन आत ओढलं. तो जॉन सेव्हीर. चार वर्षांनी दोघांचं लग्न झालं.

गोष्ट ऐकणाऱ्यांनी "वा" म्हटलं. मी विचारलं, "त्या वेळी त्याची पहिली बायको कुठे होती?"

मुलगी हसली. म्हणाली, हा प्रश्न बायकाच विचारतात.

सेरा हॉकिन्स. 1761 मध्ये व्हर्जिनियात लग्न झालं तेव्हा दोघंही सोळाच्या आसपास. पुढच्या साधारण अठरा वर्षांत दहा बाळंतपणं, त्यातच व्हर्जिनिया सोडून लेकुरवाळं घर या डोंगरात हलवलं. 1780 च्या सुरुवातीला ती गेली. तिच्या नावाची तटावरची गोष्ट नाही. दहा मुलं हीच तिची गोष्ट. 14 ऑगस्ट 1780 ला केट त्या घरात आली, म्हणजे सहा महिन्यांच्या आतबाहेर. थोरला जोसेफ तिच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनीच लहान असेल. आणि लग्नाला दीड महिना होतो न होतो तोच, 25 सप्टेंबरला, याच मैदानात माणसं जमली आणि किंग्ज माउंटनकडे निघाली. केटने सावत्र मुलगा जेम्सला स्वतः पुढे आणून नवऱ्याला सांगितलं, यालाही यायचंय, पण घोडा नाही, असं सांगतात. नव्या नवरीने दुसरीचं सोळा वर्षांचं पोर लढाईला पाठवणं हे शौर्य की आणखी काही, यावर गाडीत लेकीचं आणि माझं बराच वेळ चाललं. तिचं म्हणणं, पोरगं हट्टाने निघालं असेल, हिने फक्त वाट करून दिली. असेलही.

त्याच मैदानात मेरी पॅटनने बनवलेली पाचशे पौंड बंदुकीची दारू या माणसांना मिळाली होती. तिचा धंदाच तो होता. आणि 1776 च्या हल्ल्याची आगाऊ खबर वस्तीला मिळाली ती नॅन्यही, म्हणजे नॅन्सी वॉर्ड, या चेरोकी स्त्रीकडून. चेरोकींच्या सभेत तिला मानाचं स्थान होतं, युद्धकैद्याचा जीव वाचवण्याचा अधिकारही. पकडलेल्या लिडिया बीन या वसाहतीतल्या बाईला जिवंत जाळायचं ठरलं होतं, तिला नॅन्सीने सोडवून घरी नेलं. लिडियाने तिला लोणी-चीज करायला शिकवलं म्हणतात. तटावरच्या प्रेमकथेपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटली. दुकानात चुंबकं मात्र केटची जास्त.

दुपारी जॉन्सन सिटीच्या कडेला टिप्टन-हेन्स हे जुनं शेतघर. इथे आपल्या गव्हर्नरसाहेबांची पुरती फजिती झाली. मागची थोडी हकिगत सांगावी लागेल. 1784 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने हा पश्चिमेचा मुलूख केंद्राला देऊ केला. इथल्या लोकांनी ठरवलं, आपण वेगळं राज्य करू. नाव फ्रँकलिन, बेंजामिन फ्रँकलिनला खूश करण्यासाठी. त्याने नावाबद्दल आभार मानले, मदत काही केली नाही. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, सात राज्यांनी बाजूने मत दिलं, पण दोन तृतीयांश भरले नाहीत. तोवर नॉर्थ कॅरोलायनानेही देणगी मागे घेतली. तरी सेव्हीर गव्हर्नर राहिलाच. मग एकाच मुलखात दोन सरकारं, दोन न्यायालयं, दोन वसुल्या. एक सरकार दुसऱ्याची कागदपत्रं पळवी. रोकड नव्हती, म्हणून कर नि पगार हरणाची, रॅकूनची कातडी, मेण, चरबी, डुकराचं मांस, राय व्हिस्की यांत. लोक ऑपॉसमच्या स्वस्त कातड्याला रॅकूनची शेपटी शिवून सरकारात भरत, असा किस्सा आहे. ह्यांनी आयुष्यभर विक्रीकर खात्यात नोकरी केली. इतके हसले की गाइडला वाटलं काय झालं.

जॉन टिप्टन हा दुसऱ्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या पक्षाचा. 1788 च्या फेब्रुवारीत करवसुलीच्या हुकमावरून सेव्हीरची 'मालमत्ता' जप्त झाली आणि टिप्टनच्या घरी आणून ठेवली. ही मालमत्ता म्हणजे त्याच्या शेतावरची गुलाम माणसं. सेव्हीर शंभरावर माणसं घेऊन आला, घराला वेढा घातला. बर्फ पडत होतं. 29 फेब्रुवारीला टिप्टनची कुमक आली, थोडी चकमक झाली, दोन-तीन जीव गेले आणि सेव्हीर पळाला. त्याचे दोन मुलगे पकडले गेले. टिप्टन त्यांना फासावर द्यायला निघाला होता, लोकांनी समजूत घातली.

गाइड हे सगळं छान रंगवून सांगत होता. मी विचारलं, ज्यांच्यावरून लढाई झाली त्यांची नावं काय? तो थांबला. मग त्याने आम्हाला मागच्या अंगणात नेलं, या घरात राबलेल्या लोकांबद्दल जे सांगता येईल ते सांगितलं आणि म्हणाला, दौऱ्यात हा भाग पूर्वी नसायचा. अठरा मुलांच्या घरात दळण कोण दळत होतं, त्याचं उत्तर मला हे मिळालं, अर्धंच.

जोन्सबरो तिथून पंधरा मिनिटांवर. टेनेसीतलं सर्वांत जुनं गाव, 1779 चं. एकच मुख्य रस्ता, विटांचे पदपथ, 1797 चं चेस्टर इन. कथाकथनासाठी हे गाव देशभर ओळखलं जातं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोठा उत्सव भरतो. तेव्हा जायचं तर खोल्या फार आधी घ्या. फ्रँकलिनची पहिली सभा ऑगस्ट 1784 मध्ये इथेच भरली. 1788 मध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला एकवीस वर्षांचा अँड्र्यू जॅक्सन वकिली करायला इथेच आला. आणि ज्या गावात माणसं जप्त होत होती, तिथूनच 1820 मध्ये एलिहू एम्ब्री या क्वेकर पंथाच्या लोहव्यावसायिकाने 'द इमॅन्सिपेटर' काढलं, गुलामगिरीविरोधालाच वाहिलेलं देशातलं पहिलं नियतकालिक. आम्ही फलकासमोर उभे होतो तेव्हा शेजारी कुत्रा फिरवणारे एक आजोबा आपणहून थांबले. म्हणाले, "आमच्या गावातली सगळ्यात चांगली गोष्ट ही आहे. पण लोक जॅक्सनच्या घराचा फोटो काढतात."

जेवणाचं सांगते, शाकाहारी मंडळींनी लक्ष द्या. इथला खास पदार्थ म्हणजे सूप बीन्स आणि कॉर्नब्रेड. पिंटो बीन्स मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेल्या, वर चिरलेला कच्चा कांदा, बाजूला चाउ-चाउ नावाचं कोबीचं आंबटगोड लोणचं. मक्याचा पाव बीडाच्या तव्यात भाजलेला, कडा कुरकुरीत. उसळ, कांदा आणि मक्याची भाकरी, दुसरं काय. पण त्या बीन्समध्ये चवीला डुकराचा तुकडा असतोच असतो, 'व्हेज' यादीत लिहिलेलं असलं तरी विचारा. आम्ही विचारलं म्हणून वाचलो. मग पिकलेल्या नव्हे तर हिरव्या टोमॅटोचे तळलेले काप, बिस्किटं आणि मध यांवर रात्र भागवली. एप्रिलमध्ये रॅम्प मिळतो, रानात उगवणारी लसूणपात. बटाट्यात परतलेला चांगला लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडीत सगळ्यांना त्याचा वास येत होता.

रविवार: नोलिचकी, ग्रीनव्हिल, नॉक्सव्हिल

सेव्हीरचं लाडकं नाव 'नोलिचकी जॅक', या नदीवरून. तिच्या काठी त्याची शेती होती, घर आता उरलेलं नाही. नुसती नदी बघू म्हणून आडरस्त्याने निघालो तर फोनने जिथे पूल दाखवला तिथे पूलच नव्हता. 2024 च्या सप्टेंबरातल्या हेलन वादळात नोलिचकीला महापूर आला, कितीतरी पूल गेले. झाडांच्या फांद्यांत माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर प्लॅस्टिक आणि पत्रे अजून अडकलेले. मोठा वळसा पडला. डेव्ही क्रॉकेट या गाजलेल्या शिकाऱ्याचं जन्मस्थळही याच नदीवर आहे (तो 1786 चा, म्हणजे जन्माने फ्रँकलिनचा रहिवासी!), तिथलंही पुरात फार नुकसान झालं. आम्ही तिकडे गेलो नाही. या भागात आडरस्ते घेणार असाल तर निघण्याच्या सकाळी टेनेसीच्या रस्ते खात्याचा नकाशा बघा.

ग्रीनव्हिलला फ्रँकलिनची राजधानी होती. ओंडक्यांच्या ज्या खोपटात ती विधानसभा भरे त्याची प्रतिकृती आहे. बाहेरून बघायला दहा मिनिटं पुरतात. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असतं, कॉफीसुद्धा बारानंतर.

नॉक्सव्हिलच्या जुन्या न्यायालयाच्या हिरवळीवर, रस्त्याच्या कोपऱ्यावरच, सेव्हीर आहे. त्याची वरात मेल्यावरही संपली नव्हती. फ्रँकलिन बुडाल्यावर 1788 च्या ऑक्टोबरात त्याला राजद्रोहाखाली पकडून डोंगरापलीकडे मॉर्गनटनला नेलं. खटला चाललाच नाही. वर्षभरात तो त्याच नॉर्थ कॅरोलायनाच्या सेनेटमध्ये बसला होता आणि पाठोपाठ काँग्रेसमध्ये. पक्ष बदलून पावन होण्याची कला आपणच शोधली असा माझा समज होता. 1796 ला टेनेसी राज्य झालं, तो गव्हर्नर झाला. मधली दोन वर्षं सोडली तर 1809 पर्यंत. पुढे पुन्हा काँग्रेस. क्रीक या मूळनिवासी लोकांच्या मुलखाची सीमा आखायला अलाबामात गेला असताना 24 सप्टेंबर 1815 ला तंबूत वारला. आदल्याच दिवशी सत्तर पूर्ण झाली होती. तिथेच पुरलं. 1889 मध्ये टेनेसीने त्याला आणून इथे उंच खांबाखाली ठेवलं.

केट त्याच्यामागे एकवीस वर्षं जगली, मुलांकडे अलाबामात जाऊन राहिली, 1836 मध्ये तिथेच गेली. तिला नवऱ्याशेजारी आणायला राज्याला 1922 उजाडलं. सेराच्या नावाचाही दगड इथे आहे, सेरा मात्र इथे नाही. नदीकाठी कुठेतरी. मी दोन्ही दगडांसमोर नमस्कार केला. खांबाला ह्यांनी केला.

घराणं मूळ फ्रान्सचं, धर्मछळामुळे इंग्लंडमार्गे आलेलं, मूळ आडनाव झेविअर आणि संत फ्रान्सिस झेविअरशी नातं, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे मूळचे सावंतवाडीचे. लहानपणी ओल्ड गोव्याला बॉम जेझूसमध्ये झेविअरचं शव बघायला रांगेत उभे राहिलेले. "म्हणजे आपण यांच्या मूळ पुरुषाचं दर्शन घेऊन आलोय," असं म्हणून खूश झाले. खरंखोटं झेविअर जाणे.

1803 मध्ये इथल्याच न्यायालयासमोर सेव्हीर आणि जॅक्सन भर गर्दीत भांडले. जॅक्सन आपल्या सेवेचा पाढा वाचायला लागला, तेव्हा सेव्हीर म्हणाला, दुसऱ्याची बायको घेऊन नॅचेझला गेलास याखेरीज तुझी कसली सेवा मला माहीत नाही. रेचल जॅक्सनचा पहिल्या नवऱ्यापासूनचा घटस्फोट पूर्ण होण्याआधी हे लग्न झालं होतं, ती दुखरी नस. जॅक्सनने द्वंद्वाचं आव्हान दिलं. नॉक्सव्हिलपासून दूर, किंग्स्टनजवळ दोघे भेटले खरे, पण शिवीगाळीत सेव्हीरचा घोडा पिस्तुलांसकट पळाला, सेव्हीर झाडामागे गेला, त्याच्या मुलाने जॅक्सनच्या माणसावर पिस्तूल रोखलं, त्या माणसाने मुलावर... आणि शेवटी सगळे घरी गेले. एक साठीजवळचा गव्हर्नर, एक भावी राष्ट्राध्यक्ष. घरच्या बाईचं नाव काढायचं आणि मग तिच्याच अब्रूसाठी पिस्तुलं काढायची, यात रेचलला कुणी विचारल्याचं दिसत नाही.

गावाबाहेर सहा-एक मैलांवर मार्बल स्प्रिंग्ज, त्याचं उतारवयातलं शेत. उघडण्याच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, आधी फोन करा. छान झरा, मोठी झाडं, ओंडक्यांच्या चार-पाच खोल्या. मुख्य खोलीत 'सेव्हीरचं घर' म्हणून शिरलो, तर दाखवणाऱ्या बाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की लाकडांची वर्षवलयं तपासल्यावर ही खोली 1830 च्या दशकातली निघाली. म्हणजे तो गेल्यानंतरची. इतक्या सरळपणे आपलं मुख्य आकर्षण मोडीत काढणारं स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही. बाकीच्या खोल्याही दुसरीकडून आणलेल्या.

पण शिकायला इथेच सर्वांत जास्त मिळालं. बाईंनी त्याच्या रोजनिशीची पानं दाखवली: आज पाऊस, अमका जेवायला, तमका मुक्कामाला. दोन-दोन ओळी. ते येणारे सगळे जेवत होते, म्हणजे कुणीतरी रांधत होतं, हे तिथेही लिहिलेलं नाही. मुलगी रूथची गोष्ट त्यांनीच सांगितली. सेव्हीरच्या नोलिचकीच्या घरी काही चेरोकी कैदी बराच काळ ठेवलेले होते, त्यांच्यात खेळून रूथ त्यांची भाषा शिकली. पुढे तिचं लग्न रिचर्ड स्पार्क्सशी झालं. हा लहानपणी शॉनी या मूळनिवासी लोकांत वाढलेला, मोठेपणी सैन्यात अधिकारी झालेला. त्याला लिहायला-वाचायला हिने शिकवलं, असं सांगतात. सेव्हीरवर सिनेमा काढायचा झाला तर मी रूथवर काढेन.

सोमवार: चोटा

परतायला शार्लटचा लांब रस्ता होता, तरी मी हट्टाने एक तास उलट दिशेला नेलं सगळ्यांना. व्होनोर गावी सेक्वोया संग्रहालय आहे, चेरोकींच्या ईस्टर्न बँड या शाखेचं. सेक्वोया म्हणजे ज्याने चेरोकी भाषेला लिपी दिली तो. स्वतःला कुठलीच लिपी येत नसताना. तिथून पुढे टेलिको जलाशयाच्या काठाकाठाने चोटा.

चोटा ही एकेकाळची चेरोकींची राजधानी. शेजारी टनासी होतं, राज्याचं नाव त्यावरून. 1979 मध्ये टेलिको धरणाचे दरवाजे मिटले आणि दोन्ही पाण्याखाली गेली. चोटाच्या सभागृहाची जागा तेवढी भराव घालून वर उचलली आहे. तिथे आठ दगडी खांब, सात कुळांचे सात आणि सबंध राष्ट्राचा एक. गाडी ठेवून थोडं चालावं लागतं. आमच्याशिवाय एक मासेमारी करणारा होता. ह्यांनी पळसदेवची आठवण काढली. उजनीचं पाणी उतरलं की देऊळ वर येतं, लोक बघायला जातात. इथलं पाणी उतरलं तरी वर यायला दगडी काही नव्हतं. घरं माती-लाकडाची, आणि तीही अनेकदा जाळलेली.

जाळणाऱ्यांत सेव्हीर होता. किंग्ज माउंटनवरून परतल्यावर दोन-तीन महिन्यांत, 1780 च्या डिसेंबरात, त्याने आणि व्हर्जिनियाच्या सैन्याने ही गावं जाळली, साठवलेल्या मक्यासकट. ऐन थंडीत धान्य जाळणं म्हणजे काय हे सांगायला नको. 1788 मध्ये ओल्ड टॅसल हा म्हातारा प्रमुख पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला बोलावलेला असताना सेव्हीरच्या सैन्यातल्या एकाने कुऱ्हाडीने मारला. मारणाऱ्याचं सगळं कुटुंब त्याआधी चेरोकींनी मारलं होतं. सेव्हीर त्या वेळी तिथे नव्हता, असं त्याच्या बाजूचे सांगतात. सैन्य त्याचंच होतं.

संग्रहालयात चेरोकी बाई होत्या तिकिटावर. आम्ही कुठून कुठून आलो ते मी सांगितलं. सेव्हीरचं नाव काढल्यावर त्या म्हणाल्या, "हो, तो. आम्हाला त्याच्या बायका-मुलांची नावं ठाऊक नाहीत. आमची त्याला ठाऊक होती का?" रागाने नाही, तिकीट फाडता फाडता. लेक माझ्याकडे बघत होती. मी पिशवीतून वही काढून नॅन्सी वॉर्डची कबर कुठे आहे ते विचारलं. बेंटनजवळ, अजून दक्षिणेला, तासाभरावर. जावयाने घड्याळ बघितलं आणि नाही म्हणाला.

तुम्ही जाणार असाल तर हा मार्ग उलटा करा: नॉक्सव्हिलला उतरा, पहिल्या दिवशी बेंटन आणि चोटा, मग सेव्हीरची सगळी गावं, शेवटी किंग्ज माउंटन आणि शार्लट. चोटाजवळ खायला काही मिळत नाही, डबा आणि पाणी व्होनोरलाच घ्या. सेव्हीरच्या नावाच्या जिल्ह्यात, सेव्हीर काउंटीत, त्याच्यासाठी म्हणून जाऊ नका. तिथल्या न्यायालयासमोर पुतळा डॉली पार्टन या गायिकेचा आहे.